विद्युतरोध आणि शक्ती यांचे गणन

एखाद्या उपकरणाच्या दोन टोकांमधला विद्युत दाब, म्हणजे बोलण्यातले व्होल्टेज, आणि त्यातून वाहणारा प्रवाह ठाऊक असला की त्याचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, आणि त्यात खर्च होणारी शक्ती काढता येते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध, गुणले की शक्ती. दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये घेतला तर रोध ओहममध्ये, शक्ती वॅटमध्ये येते. या दोन सूत्रांतूनच आणखी दोन निघतात : शक्ती = प्रवाह² × रोध आणि शक्ती = दाब² ÷ रोध. आकडेमोड शाळेतल्या मुलालाही जमेल अशी आहे. भागाकार कधी अडत नाही, मात्र आलेला आकडा नेमका कशाचा, हे दर वेळी पाहावे लागते.

पाणी तापवायचा २,००० वॅटचा गीझर घ्या. घरातल्या २३० व्होल्टवर तो सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणूनच त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट देतात. त्याच्या कॉइलचा रोध येतो साधारण २६.५ ओहम. संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर घसरला तरी कॉइल तीच आणि तिचा रोधही जवळपास तोच. शक्ती मात्र १८०² ÷ २६.५, म्हणजे जेमतेम १,२२० वॅट. दाब २२ टक्क्यांनी उतरला, तर शक्ती ३९ टक्क्यांनी गेली, कारण सूत्रात दाबाचा वर्ग आहे. ‘लाइट डिम आहे, पाणी तापतच नाही’ या तक्रारीमागचे गणित एवढेच.

दाब आणि प्रवाह यांचे हे प्रमाण जर्मनीतील कोलोन येथे गणित व भौतिकी शिकवणाऱ्या गेओर्ग झिमॉन ओहम यांनी १८२६च्या सुमारास प्रयोगाने दाखवले आणि १८२७मध्ये सविस्तर मांडले. त्या काळच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. त्यावर त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांच्या जोडाचा उपाय केला : एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. अशा जोडात दाब निर्माण होतो तो सांध्यांच्या तापमानांतल्या फरकामुळे. दोन्ही तापमाने स्थिर, त्यामुळे दाबही स्थिर. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून प्रवाहाने चुंबकसूची किती वळते ते मोजत गेले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१मध्ये त्यांना कॉप्ली पदक दिले. प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हे त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी दाखवले.

ओहमचा नियम लागू होतो तो तापमान आणि इतर भौतिक स्थिती तीच राहिली तर. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध सूत्राने ५२९ ओहम येतो. तोच बल्ब काढून मल्टिमीटरला लावा. काटा पन्नाशीच्याही खाली राहतो. दोन्ही आकडे खरेच आहेत. मल्टिमीटर गार टंगस्टन मोजतो, तर पेटलेली तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हा फरक विजेच्या मोटारींच्या दुरुस्तीत कामी येतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. त्यामुळे वाइंडिंगचा, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांचा, रोध गार असताना आणि चालवून थांबवल्यावर लगेच मोजला की आतले तापमान किती चढले ते कळते. रोध २० टक्के वाढला असेल तर तापमान साधारण ५० अंशांनी चढले.

एसीवर, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या प्रवाहावर, चालणाऱ्या मोटारीला मात्र नुसता भागाकार लावू नये. दाब भागिले प्रवाह यातून तिथे रोध मिळत नाही, प्रतिबाधा मिळते, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा; रोध हा त्याचा एक भाग. दोघांचा गुणाकारही वॅट नसून व्होल्ट-अँपिअर असतो, त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती हिस्सा खरी शक्ती आहे हे सांगणाऱ्या गुणकाने, गुणावे लागते. शिवाय गीझरच्या उलट, भार तोच असताना दाब उतरला की पंपाची मोटार जास्त प्रवाह ओढते. कमी दाबात कृषिपंप जळतात ते यामुळे.

मोजतानाही जोडणीकडे लक्ष हवे. अँमीटर मालिकेत, व्होल्टमीटर समांतर, हे सर्वांना पाठ असते. रोध अगदी लहान असेल तर व्होल्टमीटरच्या तारा थेट त्या वस्तूच्या टोकांनाच लावाव्यात, नाहीतर जोडतारांचा रोधही हिशेबात शिरतो. उपकेंद्रातल्या सर्किट ब्रेकरचे (प्रवाह तोडणाऱ्या मोठ्या स्विचचे) संपर्क असेच तपासतात : १०० अँपिअर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, सोडून दोन टोकांमधला दाब बघायचा. तो ५ मिलिव्होल्ट भरला तर रोध ५० मायक्रोओहम आणि उष्णता अर्धा वॅट. याच संपर्कातून १,००० अँपिअर गेले तर अर्ध्याचे ५० वॅट होतात.

वीज दूर न्यायची तर दाब वाढवून प्रवाह कमी ठेवायचा, याचे कारणही प्रवाहाचा वर्गच : तारांत वाया जाणारी उष्णता त्याच्याच प्रमाणात असते. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला येणाऱ्या डीसी वाहिनीची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. तिचा एक ध्रुव अधिक ५०० किलोव्होल्टवर, तर दुसरा उणे ५०० किलोव्होल्टवर असतो. दोहोंमधला दाब १० लाख व्होल्ट, त्यामुळे पूर्ण भारालाही १,५०० अँपिअर पुरतात. तीच शक्ती २३० व्होल्टवर आणायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील.