जहाजावरून निरोप थांबला म्हणजे अघटित घडलं?

नौदलातल्या माणसांच्या घरी वर्षानुवर्षं फिरणारा एक संदेश असा: ‘चार-पाच दिवस निरोप नाही, म्हणजे जहाजावर काहीतरी घडलंय.’ काळजीपोटी तो खरा वाटणं स्वाभाविक आहे. पण निरोप थांबण्याची कारणं बहुधा साधी असतात.

किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाइलचं नेटवर्क संपतं. पुढे उपग्रहाचाच आधार, आणि ती क्षमता आधी कामासाठी वापरली जाते. शिवाय जहाजावरून होणाऱ्या रेडिओ-प्रक्षेपणावरून त्याचा ठावठिकाणा कळू शकतो, म्हणून कधीकधी ते मुद्दाम बंद ठेवतात. पाणबुडीचं तर वेगळंच. खारं पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. ३ ते ३० किलोहर्ट्झच्या, म्हणजे खूप कमी वारंवारतेच्या लहरी काही मीटर खोल पोहोचतात, पण त्याही एकतर्फी: पाणबुडीला आदेश मिळतो, तिथून घरी ‘बरा आहे’ एवढंही येत नाही.

पडताळायचं कसं? त्याच जहाजावरच्या इतरांच्या घरी विचारा. सगळीकडेच शांतता असेल तर संपर्क जहाजभर बंद आहे, एवढं कळतं. कारण मात्र कळत नाही. गंभीर बातमी नोंदवलेल्या निकटच्या नातेवाइकाला अधिकृतपणे कळवतात. म्हणून घरचा माणूस जहाजावर निघण्याआधीच नोंदीतला पत्ता आणि फोन अद्ययावत आहे ना, हे बघून घ्या. हे काम हमखास राहून जातं.