अमेरिकन फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्या: बदनामीची पार्श्वभूमी

अमेरिकन गाडी आणि तीही फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी, म्हटलं की जुन्या गाड्यांचे शौकीन नाक मुरडतात. नाकाला जड, वळणावर अडेल, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्टीअरिंग एका बाजूला ओढणारी. ओढण्याची तक्रार खोटी नाही, जोरदार इंजिनाच्या गाड्या ओढायच्याच. पण ‘या गाड्या घसरतात’ हा जो शिक्का बसला, तो १९८० च्या आसपासच्या काही वर्षांतला.

त्याआधी ही रचना तिथे श्रीमंतांची होती. १९२९ ची कॉर्ड एल-२९ बाजूला ठेवू. १९६६ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोत सात लिटरचं व्ही-८, ३८५ हॉर्सपॉवर, आणि इंजिनाकडून बाजूच्या गिअरबॉक्सला ताकद देणारी रुंद साखळी होती. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही, म्हणून गाडीत मधला उंचवटा नाही आणि तळ सपाट, पाय हवे तसे पसरा. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रम, आणि दोन टन वजनापुढे ते थकायचे. ही खूणगाठ पुढे उपयोगी पडेल.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये कायदा आला. कंपनीच्या गाड्यांची सरासरी १९७८ पर्यंत गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल हवी, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साडेसातवरून पावणेबारा किलोमीटर. वजन उतरवायचं पण आतली जागा सोडायची नाही, तर इंजिन आडवं बसवून पुढची चाकं फिरवण्याला फारसा पर्याय नव्हता. एप्रिल १९७९ मध्ये शेवरले सायटेशन आणि तिच्या तीन भावंडांना घेऊन जनरल मोटर्सची ‘एक्स’ मालिका बाजारात उतरली. इराणमधल्या उलथापालथीने पेट्रोलपंपांवर रांगा लागत होत्या. पहिल्याच मॉडेल-वर्षात एकट्या सायटेशन आठ लाखांवर खपल्या.

आणि मग ब्रेक. अशा गाडीचं साठ टक्क्यांहून अधिक वजन पुढच्या चाकांवर असतं. जोरात ब्रेक मारला की उरलंसुरलंही पुढे झुकतं आणि मागची चाकं जवळजवळ रिकामी होतात. त्यांच्या ड्रममधलं लायनिंग, म्हणजे घासून चाक थांबवणारा थर, जास्त चावरं असेल, तर ती पुढच्यांच्या आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी मागून फिरते. १९८१ मध्ये मॅन्युअल गिअरच्या सुमारे ४७ हजार आणि १९८३ मध्ये आणखी सुमारे २ लाख ४० हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. सरकारला तेवढ्याने समाधान नव्हतं. ऑगस्ट १९८३ मध्ये सगळ्या ११ लाख गाड्यांसाठी खटला भरला गेला. उत्पादनापूर्वीच्या चाचण्यांतच कंपनीला हे कळलं होतं, असाही आरोप होता.

निकाल लागला १९८७ मध्ये, तोही सरकारच्या विरोधात. याच वर्गातल्या इतर गाड्यांपेक्षा या जास्त घसरतात, हे सिद्ध झालं नाही. पुढच्या वर्षी अपिलातही तेच कायम राहिलं. ‘सिद्ध झालं नाही’ म्हणजे ‘ब्रेक उत्तम होते’ असं कुणी म्हणू नये, पण बातमी आरोपाची जेवढी गाजली त्याच्या पावपटही निकालाची गाजली नाही. सायटेशन तोवर बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

सगळा गुंता शब्दाचा आहे. ‘ड्राइव्ह’ म्हणजे ताकद कोणत्या चाकांना जाते. भांडण चाललं होतं थांबवण्याचा जोर पुढे-मागे कसा वाटला जातो त्याचं. रिकाम्या हौद्याचा पिकअप मागच्या चाकांवर चालतो, आणि त्या काळात तोही जोरात ब्रेक मारल्यावर हुबेहूब असाच फिरायचा. त्यावरून रिअर-व्हील ड्राइव्हला कुणी नावं ठेवली नाहीत.

बदनामी ऐन भरात असताना याच रचनेने क्रायस्लर ही बुडती कंपनी वर काढली. दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली होती. १९८१ च्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह ‘के’ गाड्या विकून घेतलेलं कर्ज १९८३ मध्येच, मुदतीच्या सात वर्षं आधी, फेडलं गेलं. त्याच घडणीतून १९८४ ची मिनीव्हॅन निघाली. १९८६ मॉडेलची फोर्ड टॉरस १९९२ पासून सलग पाच वर्षं देशात सर्वाधिक खपणारी कार होती. आणि ब्यूकचं ३८०० व्ही-६! बिडाचं, जुन्या घाटाचं, पण लाखो मैल निमूट ओढणारं. त्याचे मागच्या बाजूचे स्पार्क प्लग बदलायचे तर हात फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, सांदीत घालून, डोळ्यांनी न बघता बोटांनी चाचपत काढावे लागतात. ही शिवी जितकी खरी, तितकंच हेही खरं की ते वारंवार काढावेच लागत नाहीत.

पुढे कॅडिलॅक आणि क्रायस्लरच्या मोठ्या सेडान मागच्या चाकांकडे परतल्या, तेव्हा ‘चूक कबूल केली’ असा सूर लागला. शेवरलेच्या पुढच्या चाकांच्या सेडानही संपल्या: फेब्रुवारी २०२० मध्ये शेवटची इम्पाला बाहेर पडली, नोव्हेंबर २०२४ मध्ये मालिबू थांबली. त्यांच्या जागी लोक आता उंच क्रॉसओव्हर घेतात. बॉनेट उघडून बघा, बहुतेकांत इंजिन आडवंच बसवलेलं असतं.