वाइनवरची पुस्तकं : आमच्या वाचनगटाविषयी

नाशिकमध्ये वाइन चाखायला जागा पुष्कळ आहेत, पण वाइनवर वाचून वाद घालायला नव्हती. म्हणून दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्या पुस्तकांच्या दुकानाच्या माळ्यावर हा गट जमतो. फी नाही, पुस्तक आमच्याकडूनच घ्यावं अशी सक्तीही नाही. चहा मिळेल. वाइन मिळणार नाही, कारण आमच्याकडे फक्त शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स आहे!

नवीन येणाऱ्यांना आम्ही जॉर्ज टेबर यांचं ‘जजमेंट ऑफ पॅरिस’ (2005) आधी देतो. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या वाइन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन लेबलं झाकून ठेवल्या. पांढऱ्यात आणि लालमध्ये, दोन्हीकडे पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा. टेबर हे तिथे हजर असलेले एकमेव पत्रकार. ही गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. वाद पेटतो तो गुणांवरून. नऊ परीक्षकांनी प्रत्येकी 20 पैकी गुण दिले. लाल वाइनमध्ये पहिलीला एकूण 127.5, दुसरीला 126. एखाद्या परीक्षकाने हात जरा आखडता घेतला असता तर? आणि नऊ जिभांच्या चवींची बेरीज करून निघतं तरी काय? एकट्याने वाचताना आपण हे आकडे ओलांडून पुढे जातो. समोर कुणी हटून बसलं की पान परत उलटावं लागतं.

आमच्या गटात द्राक्ष बागाईतदारही येतात, आणि खरं सांगायचं तर पुस्तकांची झाडाझडती तेच घेतात. युरोपातल्या पुस्तकांत हिवाळाभर वेल झोपलेली असते आणि तोडणी सप्टेंबरच्या आसपास. इथे एप्रिलात नव्या काड्या वाढवण्यासाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि ऐन थंडीत वेलीवर माल. मात्र डाऊनीचा, म्हणजे वेलीवरच्या बुरशीसारख्या रोगाचा, विषय निघाला की दोन्हीकडचं जुळतं : फ्रान्समधल्या बोर्डोत 1880 च्या दशकात पुढे आलेलं मोरचूद-चुन्याचं मिश्रण आपल्याकडेही ‘बोर्डो’ म्हणूनच फवारतात.

तयारी फार नको. ठरलेलं प्रकरण वाचा आणि न पटलेल्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारून आणा. वाइन कधी प्यायली नसेल तरी चालेल.

पुढचं पुस्तक : कर्मिट लिंच यांचं ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑन द वाइन रूट’ (1988). बोर्डोवरचं प्रकरण वाचून या. वाचायला न्यायची प्रत काउंटरवर नाव नोंदवून मिळेल.