डायपर-बिअरच्या गोष्टीतलं खरं किती?

‘डायपर घेणारे बाप बिअरही घेतात हे सॉफ्टवेअरनं शोधलं, दुकानानं दोन्ही शेजारी मांडलं, विक्री दणक्यात वाढली.’ ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय.

मुळात १९९२च्या सुमारास अमेरिकेतल्या एका औषध-दुकानांच्या साखळीची सुमारे १२ लाख बिलं तपासली गेली. संध्याकाळी ५ ते ७ या दोन वस्तू एकत्र जाताना दिसल्या, इतकंच. मांडणी बदललीच नाही, मग त्यामुळे विक्री वाढेल कशी?

तुमचं दुकान असेल, तर अशा जोडीचा पडताळा आपल्याच बिलांवर घ्या. चहापावडर १००पैकी ६० बिलांत असेल, तर खारीच्या बिलांतही साधारण तेवढी योगायोगानंच दिसेल. त्याहून बरीच जास्त दिसली, तरच एका दुकानात दोन्ही शेजारी मांडा, दुसऱ्यात जुनीच मांडणी ठेवा आणि महिन्यानं दोन्हीकडची विक्री ताडून बघा.