किती म्हणजे थोडे? पेशीतील किरणोत्सर्ग आणि समुद्राचा कायदा

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात बीड, जालना, परभणीकडून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक किरणोपचाराला बहुधा ‘शेक’ म्हणतात. किती शेक झाले आणि किती राहिले, यावर त्यांच्या मुक्कामाचा आणि एसटीच्या फेऱ्यांचा हिशेब चालतो. शब्द सोयीचा आहे, पण या उपचारात ऊब जवळजवळ नसतेच. रोजची नेहमीची मात्रा सुमारे २ ग्रे असते. १ ग्रे म्हणजे १ किलो ऊतीत शोषली गेलेली १ ज्यूल ऊर्जा, आणि २ ग्रेने ऊतीचे तापमान अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकेच वाढते. संपूर्ण शरीराला एका वेळी ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर माणूस दगावण्याची शक्यता साधारण निम्मी असते. तरीही चहाच्या एका घोटातून याहून अधिक उष्णता अंगात जाते.

उष्णतेने नाही, तर मग नुकसान होते कशाने, आणि किती मात्रा ‘थोडी’ म्हणायची, या प्रश्नाभोवती पेशीविषयीचे संशोधन शंभरहून अधिक वर्षे फिरत आले आहे. समुद्रात काय टाकावे आणि काय टाकू नये याचे आंतरराष्ट्रीय कायदे घडले, तेही मोठ्या प्रमाणात याच प्रश्नापायी. या दोन इतिहासांची गाठ १९५४ ते १९५८ या चार-पाच वर्षांत पडली. त्याआधी ते स्वतंत्र वाटांनी चालले होते.

पेशीचा इतिहास जुना आहे. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि काही महिन्यांतच ते हाताळणाऱ्यांच्या कातडीवर भाजल्यासारख्या जखमा दिसू लागल्या. वेगाने विभागणाऱ्या पेशींना किरणांचा फटका अधिक बसतो, असे १९०६ मध्ये फ्रान्समधील बर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी मांडले. पुढे पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांना मेंढ्यांवरील प्रयोगांत असे आढळले की मोठी मात्रा एकदम दिली तर कातडीची हानी होते, पण तीच तुकड्यातुकड्यांनी दिली तर कातडी बचावते आणि शुक्रपेशींची निर्मिती मात्र बंद पडते. आठवड्यातून ५ दिवस, असे काही आठवडे शेक घेण्याची आजची पद्धत याच निरीक्षणातून वाढली. १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून दाखवले की किरणांमुळे आनुवंशिक घडणीतच बदल होतात आणि ते पुढच्या पिढीत उतरतात. या कामाला नोबेल मिळाले ते १९४६ मध्ये, म्हणजे हिरोशिमानंतर.

मात्र हे सारे प्राण्यांवर आणि माश्यांवर झाले होते. एकेकट्या मानवी पेशीवर मात्रा मोजता येत नव्हती, कारण मानवी पेशी प्रयोगशाळेत फार काळ जगतच नसत. १९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कर्करुग्ण स्त्रीच्या गाठीतून, तिची संमती न घेता, काढलेल्या पेशी वाढत राहिल्या, आणि त्यांच्यावर थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी १९५६ मध्ये क्ष-किरणांचा प्रयोग केला. पद्धत साधी होती: बशीत मोजून पेशी पेरायच्या, किरण द्यायचे आणि त्यांतल्या किती पेशी स्वतःची वसाहत उभी करतात ते मोजायचे. शेतकरी बियाण्याची उगवणक्षमता तपासतो, त्याच जातीचे हे काम. पेशी तोवरच्या समजुतीपेक्षा कितीतरी नाजूक निघाल्या. सुमारे १ ग्रेच्या मात्रेतच त्यांची वाढण्याची क्षमता झपाट्याने घसरत होती. पण आलेखाच्या सुरुवातीला, अगदी कमी मात्रेला, उतार सौम्य होता. त्या भागाला शास्त्रज्ञ ‘खांदा’ म्हणू लागले. १९५९ मध्ये एल्काइंड आणि सटन यांनी दाखवले की दोन मात्रांमध्ये काही तासांची उसंत दिली तर पेशी सावरते. आज आपण जाणतो की १ ग्रेने एका पेशीच्या डीएनएमध्ये सुमारे १,००० एकपदरी आणि ३० ते ४० दुपदरी तुटी होतात. एकपदरी बहुतेक नीट सांधल्या जातात, दुपदरी चुकीच्या जुळल्या तर गुणसूत्र वेडेवाकडे होते किंवा पेशी मरते. म्हणजे पेशी मात्रेबरोबर वेळही मोजते.

समुद्राकडे मात्र या काळात अगदी वेगळ्या नजरेने पाहिले जात होते. अथांग पाण्यात काहीही टाकले तरी ते विरून जाईल, या भरवशावर १९४६ पासून किरणोत्सर्गी कचऱ्याची पिंपे समुद्रात टाकली जाऊ लागली. सुरुवात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे झाली.

१ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी कंकणद्वीपावर अमेरिकेने केलेल्या ‘कॅसल ब्राव्हो’ या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीने या भरवशाला पहिला मोठा तडा दिला. स्फोट १५ मेगाटनांचा, म्हणजे अंदाजाच्या दुपटीहून मोठा झाला. जपानच्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली. तिच्यावरचे २३ जण आजारी पडले आणि आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. त्याच वर्षी जपानच्या ‘शुनकोत्सु मारू’ या जहाजाने पाणी, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि मासे तपासले, तेव्हा किरणोत्सर्ग पाण्यात सारखा पसरलेला नव्हता. तो प्रवाहांबरोबर पट्ट्यांनी वाहत होता आणि माशांच्या अवयवांत साठत होता. विरून जाण्याऐवजी काही द्रव्ये सजीवांमध्ये गोळा होतात, हा धडा समुद्राने दिला.

भारतात याची दखल लगेच घेतली गेली. २ एप्रिल १९५४ रोजी जवाहरलाल नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली. १९५५ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी १५ देशांची वैज्ञानिक समिती नेमली, तिच्यात भारत होता, आणि भारताच्या बाजूने तिच्या कामात मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा वाटा होता. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने किरणोत्सर्गाच्या परिणामांचा जो अभ्यास केला, त्यात आनुवंशिकीचे एक मंडळ होते आणि रॉजर रेवेल यांच्या अध्यक्षतेखाली सागरविज्ञान व मत्स्यव्यवसायाचे दुसरे. वर सांगितलेली गाठ ती हीच. आनुवंशिकीच्या मंडळाने सांगितले की मात्रा कितीही लहान असली तरी हानीचा संभव तिच्या प्रमाणात धरावा. सागराच्या मंडळाला मात्र असे हिशेब करायचे होते की किती कचरा टाकला तर चालेल. पहिले उत्तर खरे धरले तर दुसरा प्रश्नच अवघड होऊन बसतो, आणि पुढची तीन दशके समुद्राचा कायदा याच अवघडलेपणातून वाट काढत राहिला, असे मला वाटते.

मराठवाड्याला किनारा नाही. इथे समुद्र येतो तो पावसाच्या वाफेतून आणि आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या पाट्यांतून. पण वातावरणातल्या चाचण्यांची धूळ जगभर पावसानेच खाली उतरत होती, त्यामुळे किनाऱ्यापासून दूर राहणेही कोणाला उपयोगाचे नव्हते. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत झालेल्या अंशतः चाचणीबंदी कराराने वातावरण, अवकाश आणि पाण्याखालच्या चाचण्यांना बंदी घातली, आणि भारताने त्यावर त्याच महिन्यात सही केली.

कचऱ्याचे काम मात्र रेंगाळले. १९५८ च्या खुल्या समुद्राविषयीच्या जिनिव्हा कराराने किरणोत्सर्गी कचऱ्यामुळे होणारे प्रदूषण टाळण्याचे कर्तव्य राष्ट्रांवर टाकले, पण मर्यादा ठरवली नाही. १९७२ च्या लंडन कराराने तीव्र कचरा टाकण्यास बंदी केली, सौम्य कचऱ्याला परवान्याची मुभा ठेवली. १९८३ मध्ये स्वेच्छेने स्थगिती आली. दरम्यान १९६७ मध्ये माल्टाचे आर्विद पार्दो यांनी समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, असे संयुक्त राष्ट्रांत मांडले होते. त्यातून १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक कायद्याचा करार उभा राहिला, ज्यात भारत १९९५ मध्ये सामील झाला. समुद्र कोणाचाच नाही म्हणून तिथे काहीही टाकावे, ही जुनी समजूत त्याने मोडीत काढली. सोव्हिएत काळात आर्क्टिकमध्ये अणुभट्ट्या बुडवल्याची कबुली रशियाने दिली आणि १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या जहाजाने जपानच्या समुद्रात द्रवरूप कचरा सोडला, तेव्हा त्याच वर्षी सौम्य कचऱ्यावरही बंदी आली. तोवर सुमारे ८५ पेटाबेक्वेरेल इतका किरणोत्सर्ग समुद्रात गेला होता (१ बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन, आणि पेटा म्हणजे एकावर १५ शून्ये). ही बंदी सिद्ध झालेल्या हानीवर आधारलेली नव्हती, सावधगिरीवर होती. आणि मला ती तशीच योग्य वाटते.

थोडी मात्राही घातक असते का, हा पेशीचा वाद मात्र मिटलेला नाही. केरळमधील करुणागप्पळ्ळीच्या मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूच्या पट्ट्यात नैसर्गिक किरणोत्सर्ग कितीतरी पटींनी अधिक आहे, तरीही तिथल्या दीर्घकालीन पाहणीत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. उलट १९९२ मध्ये नागासावा आणि लिटल यांनी दाखवले की ज्या पेशीतून किरण गेलाच नाही, त्या शेजारच्या पेशीतही बदल होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानने फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुवीज केंद्रातील, ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप) असलेले प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडायला घेतले, तेव्हा मर्यादा वर्षाला २२ टेराबेक्वेरेलपेक्षा (टेरा म्हणजे एकावर १२ शून्ये) कमी अशी होती, आणि तरीही शेजारी देशांतल्या मच्छीमारांनी ‘किती म्हणजे थोडे?’ हा १९५४ सालचाच प्रश्न विचारला. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्रीय हद्दीपलीकडच्या समुद्रातील जैवविविधतेचा करार संमत झाला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली.

वातावरणातल्या त्या अणुचाचण्यांची एक खूण आजही मोजता येते. १९६३ च्या सुमारास हवेतील कार्बन-१४, म्हणजे कार्बनचे किरणोत्सर्गी रूप, जवळजवळ दुप्पट झाला होता. ज्वारीच्या पानाने तो हवेतून घेतला, भाकरीतून तो अंगात आला आणि त्या काळात तयार झालेल्या पेशींच्या डीएनएमध्ये बसला. स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ मध्ये त्याच खुणेवरून मानवी पेशींचे वय काढले. सागरशास्त्रज्ञांनी तर सत्तरच्या दशकातच तोच कार्बन-१४ महासागरात किती खोल पोचला हे मोजून पाण्याची घुसळण किती संथ असते ते दाखवले होते.