मोटर जळाली की कंट्रोलर गेला?

घरी बनवलेली ई-सायकल बंद पडली की पहिला बघणारा म्हणतो मोटर जळाली. आमच्या बेळगावात तरी असंच आहे, दुसरा म्हणतो कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला सोडणारा डबा) गेला, आणि दोघांनीही मीटर लावलेला नसतो. गंमत म्हणजे दोन्हीचं दुखणं वरून सेम दिसतं, थ्रॉटल (हँडलवरचा वेगाचा कंट्रोल) दिला की चाक थरथरतं, गुर्र आवाज येतो, कधी एक हिसका देऊन गप्प. हब मोटर चाकातच बसलेली असते म्हणून संशय पहिला तिच्यावर.

माझी ३६ व्होल्ट २५० वॉटची गिअरवाली हब मोटर आहे, जुन्या बावीस इंची सायकलीला बसवलेली, येळ्ळूरहून उद्यमबागला कामावर जायला. गेल्या जुलैत एका रविवारी हौस म्हणून राजहंसगडाच्या चढाला घातली, बारीक पाऊस होता, अर्ध्या चढात एक झटका बसला आणि मग नुसती थरथर. ढकलत घरी आणली. सोमवारी एका दुकानात नेली तर त्यानं मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो तो) ठेवून मोटरच्या दोन जाड वायरींना टेकवला, बीप वाजला. "बघा की, शॉर्ट हाय. मोटर गेली, नवीन घालूया."

इथंच सगळे फसतात. पिवळी, हिरवी, निळी या ज्या तीन जाड वायरी असतात त्या फेजच्या, म्हणजे मोटरला वीज नेणाऱ्या, आत त्या वाइंडिंगनं (तारेच्या गुंडाळ्यांनी) एकमेकींना जोडलेल्याच असतात आणि रेझिस्टन्स एका ओहमपेक्षा पण कमी, त्यामुळं चांगल्या मोटरवरही बीप वाजणारच! वाजायला नको तो फेज आणि एक्सल (चाकाचा आस) यांच्यामध्ये. तिथं वाजला तर वायरीचं इन्सुलेशन सोललंय किंवा वाइंडिंग बॉडीला लागलंय.

मग ओळखायचं कसं? माझ्या मते मीटरच्या आधी हात. बॅटरी काढा, चाक उचलून हातानं फिरवा. गिअरवाली मोटर असेल तर उलटं फिरवा, सुलटं फिरवलं तर आतला क्लच सुटतो आणि मोटर जाग्यावरच राहते, मी पहिल्यांदा सुलटंच फिरवत बसलो होतो आणि म्हणत होतो सगळं ओके आहे. बिनगिअरची असेल तर कसंही फिरवा. चाक गचके देत एकदम जड फिरत असेल तर त्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा आणि परत फिरवा. आता हलकं झालं? मोटर बरी आहे, कंट्रोलरमधले मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) शॉर्ट झालेत. तरीही जडच? मग शॉर्ट मोटरच्या बाजूला, वाइंडिंगमध्ये नाहीतर एक्सलजवळ वायरी चिरडून एकमेकींना चिकटल्यात. अशा मोटरला घाईनं नवा कंट्रोलर लावू नका, तो पण उडतो.

वायरी सोडवलेल्याच आहेत तर अजून एक करा. दोन-दोन वायरींची टोकं एकत्र टेकवून चाक फिरवा, पिवळी-हिरवी, हिरवी-निळी, निळी-पिवळी. तिन्ही वेळी सारखंच जड लागायला पाहिजे. एखादी वायर ज्या दोन जोड्यांत आहे त्या दोन्ही हलक्या लागल्या तर ती वायर कुठंतरी तुटलीय.

कंट्रोलरची खात्री करायची तर मीटर डायोडवर ठेवायचा. बॅटरी काढल्यावर पण कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून जरा थांबून मग. लाल प्रोब फेजच्या वायरीला आणि काळा बॅटरीच्या प्लसला, मग लाल बॅटरीच्या मायनसला आणि काळा फेजला. साधारण ०.४ ते ०.६ व्होल्ट येतं आणि तिन्ही फेजना जवळपास सारखं आलं पाहिजे, एखाद्याला शून्य आलं की कंट्रोलर गेला.

माझं हे सगळं चांगलं निघालं आणि डोकं फिरायची वेळ आली. राहिल्या होत्या त्या पाच बारीक वायरी, हॉल सेन्सरच्या. मोटरमधला चुंबक कुठं आलाय हे कंट्रोलरला त्याच सांगतात. कनेक्टर जोडलेलाच ठेवून, बॅटरी चालू करून, मागच्या बाजूनं प्रोब घालायचा, थ्रॉटलला हात नाही. त्यातल्या लाल आणि काळ्या वायरीत पाचच्या आसपास व्होल्ट पाहिजेत. ते नसतील तर लगेच मोटरला शिव्या देऊ नका, थ्रॉटल पण बहुतेक त्याच पाच व्होल्टवर असतो, तो काढून बघा, व्होल्ट परत आले तर चोर थ्रॉटल. मग काळा प्रोब काळ्या वायरीत ठेवून लाल प्रोब राहिलेल्या पिवळी, हिरवी, निळी या बारीक वायरींवर एकेक करून न्यायचा आणि चाक हळूहळू उलटं फिरवायचं, शून्य-पाच, शून्य-पाच असं बदलत राहिलं पाहिजे. माझी पिवळी आणि निळी छान नाचत होती. हिरवी पाचवरच चिकटलेली. म्हणजे एक तर तो सेन्सर मेला नाहीतर वायर तुटली.

चाक सोडवलं तर एक्सलपाशीच दिसलं. चढावर जोर आल्यावर एक्सल खाचेत थोडा फिरला होता, वायरींना पीळ बसला आणि बारीक हिरवी तुटली. सोल्डर केली, वरून स्लीव्ह चढवली, वायरींना खाली एक झोळ दिला म्हणजे पावसाचं पाणी ओघळून एक्सलच्या भोकात जाणार नाही, आणि चाक पहिल्याच थ्रॉटलला सुरळीत.

एक्सल फिरू नये म्हणून टॉर्क वॉशर दोन्ही बाजूंना घालायचे असतात. मी एकच घातला होता. दुसरा किटच्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत तसाच पडलेला सापडला.