जाळ्यातली पळवाट : सागरी कासवे आणि ट्रॉलर यांचा इतिहास

समुद्री कासव पाण्यात राहते, पण श्वास हवेतच घेते. निवांत पडलेले कासव तळाशी तासन्‌तास राहू शकते. ट्रॉलच्या, म्हणजे ट्रॉलर बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या पिशवीसारख्या जाळ्यात सापडलेले कासव मात्र जाळ्याच्या तोंडाशी पोहत राहते, थकते, मागे खोळीत ढकलले जाते आणि धडपडीत अंगातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपवते. कोळंबीचे जाळे तास-दोन तास, कधी त्याहून जास्त वेळ तळाशी ओढले जाते. एवढा वेळ कासवाचा दम पुरत नाही.

डेकवर निपचित पडलेले प्रत्येक कासव मेलेलेच असते असेही नाही. पुष्कळदा ते बेशुद्ध असते. अमेरिकेच्या नियमांत यासाठी स्पष्ट सूचना आहे : कासवाला पोटावर ठेवा, मागचा भाग निदान 15 सेंटिमीटर उंच करा म्हणजे फुप्फुसातले पाणी उतरेल, अंग सावलीत आणि ओले ठेवा, आणि गरज पडली तर चोवीस तासांपर्यंत वाट बघा. हे माहीत नसताना ‘मेले’ म्हणून परत पाण्यात टाकलेली किती कासवे त्यानंतर बुडाली असतील, याचा हिशोब कुणीच ठेवलेला नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच आहे.

या इतिहासाची सुरुवात एका किनाऱ्यावरून होते. 1947 साली मेक्सिकोच्या तामौलिपास राज्यातल्या रांचो नुएवो इथे आंद्रेस हेरेरा यांनी केम्प्स रिडली जातीच्या कासवांचे चित्रीकरण केले. दिवसाढवळ्या हजारो माद्या एकाच वेळी वाळूवर चढून अंडी घालत होत्या. त्या एका दिवसातल्या माद्यांचा नंतर काढलेला अंदाज 40,000 च्या घरात आहे. ही फिल्म शास्त्रज्ञांच्या नजरेला पडायला 1960 चे दशक उजाडले, आणि तोवर किनारा ओस पडू लागला होता. 1985 साली अख्ख्या हंगामात तिथे फक्त 702 घरटी सापडली. एक मादी हंगामात दोन-तीनदा अंडी घालते, म्हणजे माद्या फार तर तीनशेच्या आसपास उरल्या होत्या.

पहिला दोष अंडी गोळा करणाऱ्यांचाच होता, हे मान्य करायला हवे. म्हणून मेक्सिकोने 1966 पासून किनाऱ्यावर पहारा बसवला. अंडी वाचू लागली, पिल्ले समुद्रात जाऊ लागली, तरी माद्या वाढेनात. वाळूवरचा पहारा चोख असूनही आकडा घसरत राहतो, तेव्हा कारण पाण्यात शोधावे लागते. आणि पाण्यात, नेमक्या त्याच उथळ पट्ट्यात, मेक्सिकोच्या आखातातला कोळंबीचा ट्रॉलर ताफा फिरत होता.

उपाय निघाला तो प्रयोगशाळेतून नव्हे, होडीवरून. जॉर्जिया राज्यातल्या डॅरिअन गावचे सिंकी बून हे कोळंबी पकडणारे मच्छीमार. त्यांना कासवांची नव्हे, जेलीफिशची कटकट होती. तोफगोळ्याएवढ्या जेलीफिशनी जाळे भरले की ते उचलता उचलत नसे आणि कोळंबी चेंगरून जाई. बून यांनी 1960 च्या दशकात जाळ्याच्या गळ्यात गजांची तिरपी जाळी बसवली. बारीक कोळंबी गजांमधून मागे खोळीत जाई आणि मोठे काहीही गजांवरून घसरत जाळ्याला ठेवलेल्या फटीतून बाहेर पडे. त्यात कासवेही बाहेर पडत होती. आज जगभर ‘टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस’ किंवा नुसते ‘टेड’ म्हणून जे ओळखले जाते, त्याचे मूळ हेच.

टेड समोर ठेवून बघितले तर फार गुंतागुंतीची वस्तू नाही. धातूच्या नळीची लंबगोल चौकट, आत उभे गज, दोन गजांमध्ये सुमारे 10 सेंटिमीटरचे अंतर. चौकट जाळ्यात तिरपी शिवायची. चौकट फार आडवी झाली तर कोळंबी निसटते, फार उभी झाली तर कासव गजांना चिकटून बसते. वर किंवा खाली एक झापड, जे पाण्याच्या दाबाने मिटलेले राहते आणि कासवाचे वजन पडले की उघडते. अमेरिकेत मान्यता मिळवण्यासाठी एखाद्या टेडने चाचणीतली 97 टक्के कासवे बाहेर सोडावी लागतात.

मग भांडण कशावरून झाले? सरकारने 1980 च्या सुमाराला स्वतःचा जो टेड तयार केला, तो जड पिंजरा होता. लाटांवर हलणाऱ्या छोट्या ट्रॉलरवर तो हाताळणे धोक्याचे होते. ‘स्वेच्छेने वापरा’ म्हणून सांगून पाहिले, फारसा कुणी वापरला नाही. 1987 मध्ये अमेरिकेने टेड सक्तीचे केले. 1989 च्या जुलैत टेक्सास आणि लुइझियानाच्या मच्छीमारांनी ट्रॉलर आडवे लावून बंदरांची तोंडे अडवली. आयात कोळंबीने भाव पाडले होते, डिझेल अंगावर येत होते, आणि त्यात जाळ्याला भोक पाडायचा हुकूम. त्यांचा राग मला समजतो. लुइझियाना राज्याने तर आपल्या अधिकाऱ्यांना हा नियम राबवायला कायद्यानेच मनाई केली होती. ती मनाई 2015 पर्यंत टिकली.

1990 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने वादाचा एक भाग निकालात काढला. अमेरिकेच्या पाण्यात माणसामुळे मरणाऱ्या कासवांमध्ये इतर सर्व कारणे एकत्र केली तरी कोळंबीच्या ट्रॉलचा बळी-आकडा त्यांहून मोठा आहे, असे तिने सांगितले. वर्षाला 55,000 पर्यंत कासवे बुडत असावीत, असा तिचा वरचा अंदाज होता.

आपल्या मच्छीमारांवर बंधन घातल्यावर बाहेरची कोळंबी बिनबंधनाची कशी येऊ द्यायची, या प्रश्नातून 1989 सालचे कलम 609 आले : कासवांचे रक्षण न करता पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेत प्रवेश नाही. सुरुवातीला ते कॅरिबियन आणि पश्चिम अटलांटिकच्या देशांपुरते लागू होते. न्यायालयाच्या निकालानंतर 1996 पासून ते सगळ्या देशांना लागू झाले, आणि भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हे चौघे जागतिक व्यापार संघटनेत गेले.

या खटल्याचे वर्णन ‘व्यापार विरुद्ध पर्यावरण’ असे केले जाते. मला ते अपुरे वाटते. भारतात सागरी कासवांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण होतेच. ओडिशातले गहिरमाथा हे तर ऑलिव्ह रिडलीच्या सामूहिक विणीच्या जगातल्या सर्वांत मोठ्या ठिकाणांपैकी एक. आक्षेप कासव वाचवण्याला नव्हता. एका देशाने आपल्या बाजारपेठेच्या जोरावर दुसऱ्याने मासे कसे पकडावेत हे ठरवावे का, हा होता. दुसऱ्या बाजूला, त्याच ओडिशाच्या किनाऱ्यावर 1990 च्या दशकात दरवर्षी हजारो मेलेली रिडली वाहून येत होती, हेही तितकेच खरे. कायदा पुस्तकात होता, जाळ्यात नव्हता.

12 ऑक्टोबर 1998 ला व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने दिलेला निकाल दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे. नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यासाठी व्यापारावर बंधन घालणे नियमांत बसते, हे मंडळाने तत्त्वतः मान्य केले. पण अमेरिकेने ते राबवले कसे? कॅरिबियन देशांना तयारीला तीन वर्षे आणि तांत्रिक मदत, आशियातल्या देशांना जेमतेम चार महिने. हा भेदभाव ठरला आणि अमेरिका हरली. पुढच्या वर्षी सिएटलमध्ये संघटनेच्या परिषदेबाहेर निदर्शक पुठ्ठ्याच्या पाठी बांधून कासवाच्या वेशात उतरले. अमेरिकेने बोलणी आणि मदत यांची पद्धत बदलली, कायदा तसाच ठेवला, आणि 2001 मध्ये मलेशियाची फेरतक्रार फेटाळली गेली. तेव्हापासून कलम 609 चालूच आहे. 2021 मध्ये खुद्द मेक्सिकोचे अमेरिकेत कोळंबी पाठवण्याचे प्रमाणपत्र काही महिन्यांसाठी गेले होते.

दरम्यान यंत्रही सुधारत गेले. पहिल्या टेडची फट रिडलीला पुरत होती, पण लॉगरहेड जातीच्या वाढ झालेल्या कासवाला आणि अजस्र लेदरबॅक कासवाला नाही. मोठ्या फटी सक्तीच्या व्हायला 2003 साल उजाडले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कोळंबी ताफ्याने 2000 पासून टेड लावले आणि तिथे जाळ्यात राहणारी कासवे सुमारे 99 टक्क्यांनी घटली. रांचो नुएवोच्या परिसरात 2009 पर्यंत घरटी 20,000 च्या आसपास गेली. त्यात किनाऱ्यावरच्या पहाऱ्याचा आणि टेडचा, दोघांचा वाटा आहे. 2010 नंतर ती वाढ का अडखळली यावर अभ्यासकांत अजून चर्चा आहे.

आणि एक जुने दुखणे : टेड बसवलेला असतो, झापड मात्र सुतळीने शिवून टाकलेले असते. म्हणून तपासनीस गजांचा कोन मोजतात आणि आधी फटीत हात घालून बघतात.

ट्रॉलवर टेड चालतो, पण पाण्यात पडद्यासारख्या उभ्या राहणाऱ्या गिलनेटवर तो बसवायचा कुठे? समुद्रात मैलोन्‌मैल सोडल्या जाणाऱ्या तरंगत्या जाळ्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने 1992 च्या अखेरीपासून बंदी आली. किनाऱ्याजवळची छोटी गिलनेट राहिलीच. पेरूमध्ये अशा जाळ्यांच्या दोरीवर हिरवे एलईडी दिवे लावून पाहिले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ‘ग्रीन टर्टल’ जातीची कासवे 64 टक्क्यांनी कमी अडकली, आणि हवा तो मासा तितकाच मिळाला. पण बॅटऱ्या संपतात, आणि दिवे दोरीला वेगळे बांधत बसावे लागतात. कॅलिफोर्नियाच्या आखातात मेक्सिकन मच्छीमारांनी संशोधकांबरोबर बसून त्याचा पुढचा नमुना घडवला आहे : सौर ऊर्जेवर लुकलुकणारा दिवा, जो जाळ्याच्या तरंगड्यासारखाच दोरीत ओवता येतो.